दोन बाळांचा एक पंप

तुम्ही दोघं एकाच पंपाचं दूध प्यायलात. तुमची आई हे सांगणार नाही, कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. मला वाटतं, म्हणून लिहून ठेवते.

पंप घेतला तो ताईच्या वेळी. तुमची आई तेव्हा इंदूरबाहेर सिमरोलला शिकवायला जायची आणि पाच महिन्यांची ताई दिवसभर माझ्याजवळ असायची. आई निघण्यापूर्वी पंपानं दूध काढून ठेवी, मी ते वाटीचमच्यानं पाजी. ताईचं अंगावरचं सुटलं तेव्हा मी पंपाचे सगळे भाग धुतले, वाळवले, मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवले आणि वर चिठ्ठी लावली: ‘दूध-पंप, सर्व भाग पूर्ण’. सोबतचं माहितीपत्रक फाईलला लावलं. माझ्या चिठ्ठ्यांवर आजोबा म्हणत, “माझ्यावरही एक लाव. हरवलो तर कुणी आणून तरी देईल.”

पाच वर्षांनी धाकटा आला, तोही पाच आठवडे आधी. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तोंडानं ओढायची ताकद नव्हती, नळीनं थोडं थोडं दूध जायचं. डॉक्टर म्हणाले, आईचं मिळालं तर फार चांगलं. तुमची आई दवाखान्यातून माझ्याकडे आली ती पंपाचं विचारतच.

“नवा ऑर्डर करू का, आई?”

“कशाला? एक भाग कमी निघाला तर बोल.”

एकही कमी निघाला नाही. याचा मला केवढा अभिमान वाटला होता!

पहिले दोन-तीन दिवस दूध थोडंच येतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण चौथ्या दिवशीही बाटलीचा जेमतेम तळ झाकला आणि सहाव्या दिवशी तेवढाही नाही. दर तीन तासांनी ती पंप लावून बसायची, नजर बाटलीवर. आजोबा ती बाटली दवाखान्यात नेऊन द्यायचे, तेव्हा ती बाटलीला नॅपकिन गुंडाळायची, कुणाला दिसू नये म्हणून. तिथल्या सिस्टरनं सहज म्हटलं, “टेन्शन मत लो, पाउडर का दे देंगे.” तुमच्या आईनं तो निकालच मानला. मी अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू वळले.

“धीर धर गं. पान्हा फुटेल.”

“पाना? मशीनला पाना लागतो?”

इंदूरात वाढलेली मुलगी. तिला पाना माहीत तो गॅरेजमधला. मला हसू आलं, तिला नाही.

“मजाक नको करूस, आई. माझं दूधच सुखून गेलंय. दुसऱ्यांच्या बाळांना मिळतं, माझ्याच्या नशिबात पाउडर.”

आठव्या दिवशी मालिशवाली बाई आली. सांवेरजवळच्या गावाहून बसनं यायची, माझ्याच वयाची, शाळेची पायरी न चढलेली. तिनं तुमच्या आईच्या अंगाला हात लावला आणि थांबली.

“बई, दूध तो घणो हे. छाती भाटा जैसी हुई री हे.”

घणो म्हणजे खूप, भाटा म्हणजे दगड. छाती दुखायची, ते तुमची आई दूध आटल्याचं लक्षण समजत होती, आणि मी शेकायला गरम पाण्याची पिशवी देत होते.

“तो फिर बोतल में क्यों नहीं आता?” मी विचारलं.

बाईनं पंप सुरू केला, त्याचं तोंड स्वतःच्या तळहातावर दाबून धरलं. “गुर्रावे घणी, खींचे नी. बाईसा, कुकर की सीटी नी बजे तो दाल को कंई दोस? रिंग देखो!” पंप नुसता गुरगुरत होता, ओढत नव्हता.

मी फाईल काढली. चष्मा लावून माहितीपत्रक पहिल्यांदा वाचलं. आत पांढरी, रबराची एक छोटी जीभ असते. तिचे ओठ घट्ट मिटले तरच पंप ओढतो. ती पाच मिनिटांहून जास्त उकळू नये आणि दर काही महिन्यांनी बदलावी. मी पाच वर्षांची जुनी जीभ लोणच्याच्या बरण्यांच्या हिशेबानं, घड्याळ लावून वीस-वीस मिनिटं उकळत होते, दिवसातून तीनदा. उजेडात धरली तर ओठांमधून खिडकी दिसली. इंग्रजीत एम.ए. केलेल्या मी इंग्रजी कागद वाचला नव्हता, नुसता नीट लावून ठेवला होता.

आजोबांना गाडी काढायला लावली. दवा बाजारातल्या पहिल्या दोन दुकानांत “आंटीजी, मॉडल पुराना हो गया, नया ले जाओ.” तिसऱ्या दुकानदारानं खोके उपसून तसलाच तुकडा काढला आणि आजोबांना म्हणाला, “भिया, दो ले जाओ. एक काम आएगा.”

परतताना माझ्या मनात आलं, गुपचूप बदलून टाकावा. दूध वाढलं की खीर लागू पडली म्हणावं. कुणाला कळलं असतं? पण मग ती जन्मभर हेच समजत राहिली असती की दूध तिचंच कमी पडलं होतं. घरात शिरल्या शिरल्या जुनी आणि नवी जीभ तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

तिनं जुनी जीभ बोटांत दाबून पाहिली. “म्हणजे दूध होतं?”

“होतं. पहिल्यापासून होतं. चूक माझी.”

ती रडली, मग नाक पुसून म्हणाली, “तू पण ना, आई! आता हात नको लावूस. मी उकळीन.” आणि खरंच मला गॅसपाशी येऊ दिलं नाही.

त्या दुपारी धार बाटलीच्या काचेवर आपटल्याचा आवाज मी शेजारच्या खोलीतून ऐकला. तेव्हा मी देवाचे आभार मानले, पण आधी त्या बाईचे. तिनं मला खुळी म्हटलं नाही, तुमच्या आईलाही समजावत बसली नाही. हात लावला आणि हाताला जे लागलं त्यावर विश्वास ठेवला.

संध्याकाळी तुमची आई बाटली द्यायला स्वतः गेली. सिस्टरनं ती उजेडात धरली. “अरे वा, मम्मीजी!”

“कल और लाऊँ तो चलेगा?” तिनं विचारलं.

“लाओ ना,” सिस्टर म्हणाली. “पीने वाला तो बैठा हे.”