शून्यावर ठेवलेली मात्रा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतेय, तेही नीट ठाऊक नाही.

मी तेव्हा जळगावला एमएस्सी करत होते. यकृतानं मला अक्षरशः वेड लावलं होतं. माणूस उपाशी असला की यकृत स्वतः साखर बनवतं. त्यासाठीची जनुकं तिथे जागी होतात. जेवलं की इन्सुलिन येतं आणि त्यांना गप्प करतं. मधुमेहात हा हुकूम नीट पोहोचतच नाही — पोटात कण नसला तरी साखर बनत राहते. केवढी नवलाची गोष्ट! नुसतं वाचून माझं भागेना. आणि रावेरला घरीच तर आबा होते — माझे वडील, रोज रात्री इन्सुलिन घेणारे.

सुट्टीत त्यांना इन्सुलिनचं पेन मीच टोचायचे. सुई बघवत नाही म्हणून ते तोंड फिरवायचे. सलग तीन रात्री मी सुई टोचली — मात्रा शून्यावर ठेवून. जेवण तेच, भाकरी नि भाजी. सकाळी उपाशीपोटी त्यांच्या बोटातलं रक्त तपासायचे, आकडा वहीत लिहायचे, आबांना "ठीक आहे" सांगायचे. आकडा चढत गेला. भीती वाटायला हवी होती ना? मला आनंद झाला. खरंच झाला.

चौथ्या दिवशी दुपारी, बागेत केळीची कापणी चालू असताना आबा चक्कर येऊन पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, इन्सुलिन चुकलं होतं का? मी नाही म्हणाले. सलाइन चालू असताना आबांनी मला जवळ बोलावलं. चेहरा पार ओशाळलेला.

"माय, चूक माहीच हाये. नव्या बागेचं पह्यलं केयं पिकलं होतं. खाल्लं मी."

ते केळं त्यांनी खाल्लं होतं त्याच दुपारी. माझ्या वहीतले आकडे त्याआधीचे. एका वाक्यात त्यांची सुटका झाली असती. मी काय केलं? "यापुढे खाऊ नका," म्हणाले.

त्यांनी पुन्हा खाल्लं नाही. अकरा वर्षं झाली. घडाला नुसता हात लावून तो कधी पिकेल ते सांगणारा माणूस — त्यानं स्वतःच्या बागेतलं एक केळं तोंडात घातलं नाही.

मी आता कॉलेजात हेच यकृत शिकवते, अजून तितक्याच कुतूहलानं.

परवा यंदाच्या नव्या बागेचं पहिलं केळं पिकलं. देवापुढे ठेवून आबांनी ते सोललं, अख्खं माझ्या हातात दिलं आणि बोटं रुमालाला पुसली. गोड आहे का, एवढंच विचारलं.

मी खाल्लं. गोड आहे, म्हणाले.