गळा दाटायची जागा

मंगळवारी दुपारी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत माझा भाऊ किशोर मेला. साच्यात ओल राहिली होती. त्यात वितळलेलं लोखंड ओतलं आणि ते उसळलं.

मी निपाणीहून बसने गेले. गेटवर इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब उभा होता. मी विचारलं, अपघाताची नोंद कुठं केलीय?

तो म्हणाला, “कामगाराचा अपघात झाला की नोंद होते, बाई. तो कामगार नव्हता. ट्रेनी होता.”

मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, “तुम्ही शिकलेल्या दिसता. समजून घ्या.”

आणि मी मान हलवली. शिकलेली होते ना. आत माझा भाऊ होता, बाहेर तो माणूस मला शिकलेली म्हणाला, आणि मी मान हलवली.

मी निपाणीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमची आई विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन तिने आम्हा दोघांना शिकवलं. मी पुस्तकात रमले, किशा आयटीआयला गेला आणि तिथून शिकाऊ म्हणून फाउंड्रीत. घरी आला की हसत सांगायचा, “आक्का, काम करताना मी गडी नि पगार घेताना पोरगा.” मीही हसायचे.

मग किशाला दवाखान्यात हलवलं आणि तिथं मला आत नेलं. मी त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखावरून ओळखलं. लहानपणी मी दार ओढलं होतं, त्याचा पाय सापडला होता. ते नख पुढं कायम वाकडंच वाढलं.

मातीच्या दिवशी मला रडू आलं नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी कोरडी.

दिवसकार्य झाल्यावर त्याचं सामान आणायला त्याच्या खोलीवर गेले. पत्र्याची खोली. त्याच्यासारखीच शिकाऊ पोरं तिथं दाटीवाटीनं राहायची. संकेश्वरचा बसू त्यांच्यात मोठा. त्यानं माझ्यासाठी खाली पोतं अंथरलं, चहा आणला आणि खाली मान घालून सांगितलं, “साचा वला हाय म्हणून किशानं सांगितलंतं, आक्का. सुपरवायझर म्हणाला, तू शिकायला आलाईस का शिकवायला? न्हाय म्हणायचं तर सर्टिफिकेट त्यांच्याच हातात.”

कुणीतरी म्हणालं, आपलं हे कुणी ऐकतंय व्हय? बसू म्हणाला, आक्का लिहित्यात. आक्कास्नी सांगू.

मग आम्ही ते वाक्य केलं. सगळ्यांनी मिळून. एक जण म्हणाला लई लांब झालं, दुसरा म्हणाला ह्यात किशाचं नाव घाला, बसू म्हणाला नाव नगो, नाव घातलं की एकट्याचं हुतंय. शेवटी उरलं ते असं: शिकाऊ मुलगा हा कामगार आहे, आणि धोक्याच्या कामाला त्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

ते वाक्य घेऊन मी निघाले. ते पोचवायचं माझ्यावर होतं.

बंगळूरच्या एका संस्थेला मी पत्र लिहिलं, आणि पुढं त्यांच्याकडून बोलावणं आलं. परदेशात एक मोठी परिषद होती. कामाविषयीची धोरणं ठरवायला देशोदेशीचे लोक येणार होते, आणि तरुणांची बाजू मांडायला काही तरुण हवे होते. संस्थेच्या मॅडम मूळच्या बेळगावच्या, टिळकवाडीतल्या. वकिलांच्या घरातल्या. शांत बोलणाऱ्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी बेळगावातल्या एका हॉटेलात माझी तयारी करून घेतली.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, “अगं, घाबरू नकोस. मनात येईल तसं सांग.”

मी सांगायला लागले. गेट, साहेब, दवाखाना. नखापाशी आले आणि माझा गळा दाटला. मातीच्या दिवशी आलं नव्हतं ते रडू त्या गालिच्यावर आलं. मॅडमनी पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. त्या मायेनं मी आणखी रडले.

दुसऱ्या दिवशी परत म्हणायला लावलं. नखापाशी आले आणि पुढं गेले.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “काल इथे तुझा गळा दाटला होता. आज काय झालं?”

मी म्हटलं, काही नाही.

“मग तसंच हवं. नखाचं सांगितलंस की थांबायचं. श्वास घ्यायचा. घाई करायची नाही. येतं आपोआप.”

मी थांबले. श्वास घेतला. आलं.

“सुंदर,” त्या म्हणाल्या. बाजूला बसलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण मला बरं वाटलं. परीक्षेत पहिलं आल्यावर वाटायचं तसं.

शेवटी मी पोरांचं वाक्य वाचलं. मॅडमनी मान हलवली. “हे नको. मागण्या मसुद्यात येतात, आणि मसुदा तज्ज्ञ करतात. तरुणांनी अनुभव सांगायचा. तुझी ताकद तुझ्या गोष्टीत आहे.” मग म्हणाल्या, “आणि तिकडे आईचं ते सूप घेऊन येशील का? हातात छान दिसेल.”

सूप मी नेलं नाही. तेवढं केलं नाही. वाक्य मात्र खाली ठेवलं.

परदेशातल्या त्या सभागृहात तरुणांना मागच्या रांगा होत्या. गळ्यात हिरव्या फितीची कार्डं. माझं नाव पुकारलं. मी गेले, बोलले, नखापाशी थांबले. श्वास घेतला. आलं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. एका गोऱ्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचेही डोळे भरले होते. मग सगळे चहाला गेले.

चहानंतर शेजारच्या खोलीत मसुद्यावर बसणार होते. मी दारापाशी गेले. म्हटलं, आता तरी सांगते. दारावरच्या माणसानं माझ्या कार्डाची फीत बघितली आणि हात आडवा केला. मॅडम मागून आल्या. “तिथं आपलं काम नाही गं. आपलं काम झालं. फार सुंदर झालं.”

मसुदा निघाला. सुरुवातीलाच होतं की तरुणांच्या अनुभवांनी सभागृह हेलावून गेलं. मी शेवटापर्यंत वाचलं. शिकाऊ हा शब्द नव्हता.

निपाणीला आले तेव्हा माझं भाषण सगळ्यांच्या मोबाईलवर पोचलेलं. गल्लीतल्या पोरीनं आईलाही दाखवलं होतं. आई विड्या वळत होती. वर न बघता म्हणाली, “भावाच्या मातीला डोळ्यात टिपूस न्हाय आलं तुझ्या. तिथं बरं आलं.”

एवढंच. बोटं थांबली नाहीत तिची.

रविवारी खोलीवर गेले. पोरांनी पोतं अंथरलं, चहा आणला. मग बसूनं विचारलं, “आक्का, आमचं वाक्य कुठं हाय त्यात?”

मी म्हटलं, त्यांनी घेऊ दिलं नाही.

“तुमी म्हटलासा, नि त्यांनी घेतलं न्हाय?”

मी पोत्याचा सुटलेला धागा ओढत राहिले. त्याला कळलं. त्यानं चहाचा पेला माझ्याकडे सरकवला, “निवतोय, घ्या.” त्यानं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

वर्ष झालं. वरसाच्या दिवशी पाहुणे आले होते. आत्या म्हणाली, कसं झालं गं पोराचं, मला धड कुणी सांगितलंच न्हाय. मी सांगायला लागले. नखापाशी आले आणि थांबले. श्वास घेतला. आलं.

आत्यानं मला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावर मला थंडी वाजत होती. मी माझ्याच घरात, माझ्या भावाच्या फोटोपुढं, मॅडमनी शिकवल्यासारखी रडले होते. खरं कुठलं आणि शिकलेलं कुठलं, मलाच सांगता येईना. भाऊ फाउंड्रीनं नेला. त्याच्या नावाचं रडू मी स्वतः नेऊन दिलं, आणि बदल्यात टाळ्या घेतल्या.

त्यानंतर मॅडमचा फोन आला. परदेशातल्या त्या परिषदेतली माणसं बंगळूरला येणार होती. पुढच्या परिषदेआधी तरुणांशी चर्चा. “तीच गोष्ट, तशीच. काही बदलू नकोस.”

मी आधी खोलीवर गेले. पोरांना सांगितलं, बोलावणं आहे, जाऊ का? जागा माझी नव्हती, त्यांची होती. हे मला एवढ्या उशिरा सुचलं.

बसू म्हणाला, “जावा. पर रडू नगासा. तुमी रडलासा की ते टाळ्या वाजवत्यात नि चहाला जात्यात.”

पोरं हसली. मीही हसले. किशा गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं.

बंगळूरच्या त्या हॉटेलात माझी पाळी आली. मॅडम मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी माईकपुढं गेले आणि म्हटलं, शिकाऊ मुलगा हा कामगार आहे, आणि धोक्याच्या कामाला त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. मराठीत म्हटलं, कन्नडमध्ये म्हटलं, इंग्रजीत म्हटलं.

अध्यक्ष हसऱ्या चेहऱ्यानं इंग्रजीत म्हणाले, “तुमची गोष्ट सांगा ना. ती ऐकायलाच आम्ही आलोय.” मागून मॅडम हातानं सावकाश खूण करत होत्या. थांब. श्वास घे.

मी म्हटलं, “गोष्ट तुम्ही ऐकलीत. उभं राहून ऐकलीत. आता हे लिहून घ्या.”

त्यांच्यापुढं पेन होतं. त्यांनी ते उचललं नाही. मी वाक्य परत म्हटलं. ते घड्याळाकडे बघायला लागले. मी परत म्हटलं. माईकवरचा लाल दिवा विझला. दिवा विझल्यावरही मी एकदा म्हटलं, पुढच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. डोळे कोरडे होते. मातीच्या दिवशी होते तसे. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

बाहेर मॅडमनी मला गाठलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. “एवढे लोक तुझ्यासाठी थांबले होते. तू तुझ्याच भावाचं नुकसान केलंस.”

मी म्हटलं, “त्याचं आणखी काय नुकसान व्हायचंय, मॅडम?”

त्या खरं बोलत असतील. रडले असते तर पुढच्या परिषदेला गेले असते, आणि कधीतरी कुणी त्या दारातून आत घेतलं असतं, असंही असेल. रात्री हे मनात येतं. तरी मी परत रडणार नाही.

आता मला बोलावत नाहीत. यंदा खानापूरकडची एक मुलगी जाणार आहे. तिचंही कुणी गेलंय. तिनं माझा नंबर शोधून फोन केला, आक्का, काय बोलू म्हणून विचारलं. मी म्हटलं, “ज्यांच्या वतीनं चाललीस त्यांना विचार. ते सांगतील ते आधी बोल. गळा दाटला तर दाटू दे, पण कुठं दाटतो ती जागा त्या सभागृहाला दाखवू नकोस.”

ती म्हणाली, “मॅडमनी मला थांबायला शिकवलंय.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “थांबू नकोस.”

दर रविवारी मी उद्यमबागेत जाते. खोलीत नवी पोरं येतात, जुनी जातात. नवा पोरगा आला की बसू त्याला ते वाक्य म्हणायला लावतो. मी ऐकते, चुकलं तर सांगते.

किशा नाही. तो मेल्याची नोंद त्या कारखान्यात नाही. आमचं वाक्य अजून कुठल्याच मसुद्यात नाही. ते मला पाठ आहे, आणि त्या खोलीतल्या सगळ्या पोरांना पाठ आहे.