पायरीवरची रेघ

ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर खडूची एक रेघ आहे. समुद्र इथपर्यंत येतो, असं ती सांगते. ती तिथे उमटली ती माझ्या तोंडामुळे.

आईचे गुडघे गेलेत आणि संडास परसाच्या टोकाला, म्हणून घराला लागूनच एक बांधायची परवानगी मागितली होती. किनाऱ्यावर भरतीची हद्द पाहिल्याशिवाय ती मिळत नाही. साहेब पाहायला आले. आता आलेल्या माणसाला समुद्राचं कौतुक सांगायचं, ही आमच्याकडची रीतच. मी म्हणालो, "साहेब, उधाणाला पाणी पायरी चढतं. ओसरीत बसून पाय धुवावेत."

साहेबांनी शांतपणे खडू काढला. "मग हद्द इथून मोजायची. बांधकाम नाही होणार."

हल्ली सकाळचा चहा मी त्या रेघेशेजारी बसून घेतो. ओहोटी असली की समोर पाणी लांब गेलेलं असतं, ओल्या वाळूत खेकडे फिरत असतात. ती वाळू समुद्राची की गावाची? दिवसातून दोनदा घर बदलणाऱ्याचा उंबरठा आखायचा तरी कुठे? विचार करत गेलं की मी स्वतः जमिनीवर बसलोय की पाण्यात, याचीही खात्री वाटेनाशी होते.

आज आई काठी टेकत परसातून आली. "काय ठरलं रे?"

"समुद्र नेमका कुठे संपतो, तेच कळत नाहीये."

"त्याचं राहू दे. बढाया मारून झाल्या असतील तर हात दे. मला परत परसाकडे जायचंय."