उभा राहिलेला मेंढा

व्हर्ना टॉलिव्हरच्या गोळ्यांना नावं ठेवायची वायोमिंगच्या त्या मुलखात कुणाची छाती नव्हती. गॅरेजमध्ये शिसं वितळवून ती साच्यात गोळ्या ओतायची, जुन्या पुंगळ्यांत दारू भरून काडतुसं बनवायची, आणि शनिवारी दांडा ओढून गोळी चढवायची रायफल खांद्याला लावून नेमबाजी क्लबच्या मैदानावर पोलादी पत्र्यातून कापलेल्या कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढे पाडायची. तिथे नुसती गोळी लागून भागत नाही. जनावर आडवं झालं तरच मोजतात, आणि सगळ्यांत लांब आणि जड असतो तो मेंढा.

शिसं यायचं टायरवाल्याकडून, चाकांचा तोल साधायला लावतात त्या जुन्या वजनांचं. पण हल्ली त्यांत जस्ताची वजनंही मिसळलेली असतात. जस्त भांड्यात वितळलं की अख्खा घाणा बिघडतो, गोळी हलकी पडते, आणि हलकी गोळी मेंढ्याला नुसत्या गुदगुल्या करते. बाकीचे लोक एकेक तुकडा पकडीत दाबून बघत; शिशावर वळ उठतो, जस्तावर उठत नाही. व्हर्ना तुकडा फरशीवर टाके. शिसं थप्प वाजतं, जस्त टिण्ण करतं.

"पकड कशाला? देवाने कान दिलेत," ती म्हणे.

त्या कानांवरूनच नवऱ्याशी तिचं रोज वाजे.

"फोन वाजून वाजून गप्प झाला, व्हर्ना," हार्लन म्हणाला.

"मला उचलायचाच नव्हता."

"आपल्या टीव्हीवरच्या बातम्या शेजारच्या घोड्यांनाही पाठ झाल्यात. यंत्र लाव कानाला."

"यंत्र म्हाताऱ्या लावतात."

"मग तू काय, सोळा वर्षांची?"

व्हर्नाने पैजच लावली. "शनिवारी माझे पाचही मेंढे पडले तर पुन्हा यंत्राचं नाव काढायचं नाही. एक जरी उभा राहिला, तर मुकाट्याने लावीन." हार्लनने लगेच हात पुढे केला. तिने तो इतक्या जोरात दाबला, की बिचारा बोटं चोळत बसला.

शनिवारी पहिले तीन मेंढे पडले. चौथ्याला गोळी लागली, ठण्ण झालं, मेंढा डुलला आणि उभाच राहिला. पाचवाही तसाच. दुर्बीण लावून बसलेला रॉइस बेकस्ट्रँड, तिचा जुना दोस्त, म्हणाला, "दोन्ही बरोबर खांद्यावर लागल्या गं. नेम तुझा चुकला नाही."

त्याने उरलेल्यांतलं एक काडतूस उघडलं आणि गोळी तराजूत टाकली. "हलकी आहे. जस्त शिरलंय, बाई."

"शक्य नाही," व्हर्ना म्हणाली.

घरी येऊन तिने थेट गॅरेज गाठलं. उरलेल्या वजनांतला एकेक तुकडा ती फरशीवर टाकू लागली. थप्प. थप्प. थप्प. हार्लन शेजारी वाकला आणि शेवटचा तुकडा उचलून त्याने पकडीत दाबला. ओरखडासुद्धा उठला नाही.

"हा टिण्ण वाजला, व्हर्ना," तो हळूच म्हणाला. नेहमीसारखं चिडवलं नाही त्याने.

व्हर्नाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कानांची भीती वाटली. पण शब्द म्हणजे शब्द. सोमवारी कॅस्पर शहरात जाऊन ती कानात यंत्र घालून आली, आणि वाटेत हार्लनच्या गाडी चालवण्यावर पूर्वीसारखीच टीका करत आली.

संध्याकाळी दोघं घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव खायला बसली. व्हर्नाचा चमचा मध्येच थांबला.

"हार्लन, ती शिट्टी कसली?"

"कुठली शिट्टी?"

तिने उठून त्याच्या छातीला कान लावला. श्वासागणिक आत काहीतरी सूं सूं करत होतं.

"किती दिवस झाले?"

हार्लनने खाली मान घातली. "झाले असतील दोन हिवाळे. तुला ऐकू येत नव्हतं, म्हटलं, उगाच कशाला काळजी."

"आणि माझ्याच मागे लागला होतास यंत्र लाव म्हणून?"

"मी गेल्यावर फोन कोण उचलणार होतं?"

व्हर्नाने त्याची थाळी बाजूला सारली आणि कोट त्याच्या अंगावर टाकला. "ऊठ," ती म्हणाली. "आता गाडी मी चालवणार."