अभिनय : दहापैकी चार

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझा एक पराक्रम ऐकून घ्या. पराक्रम म्हणतेय, कारण गाढवपणा म्हटलं की आमचे हे लगेच मान डोलावतात, आणि ते मला सहन होत नाही.

करोल बागेत मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. खोल्या दोन. एकीत आम्ही तिघं राहतो, दुसरीत मुलं जेवतात. मुलं म्हणजे आपल्याकडचीच, बीड, लातूर, परभणीची, कलेक्टर व्हायला दिल्लीला आलेली. आमचे हे गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानात कामाला. आणि आमची एकुलती एक मृणाल. गेल्या वर्षी तिचा मेडिकलला नंबर लागला.

लागला तो हरियाणाच्या बाजूला, मेट्रो संपते तिथून आणखी तासभर पुढे. कॉलेज चांगलं, पण फीचा आकडा ऐकून हे जेवता जेवता उठून उभेच राहिले. अर्धी फी सरकारी शिष्यवृत्तीतून सुटत होती. उरलेल्या अर्धीसाठी सरकारी योजनेतलं शिक्षणकर्ज काढायचं ठरलं. फॉर्म ऑनलाइन, कागद मात्र सगळे ऑफलाइन. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शपथपत्र, त्या शपथपत्राची झेरॉक्स, ती झेरॉक्स खरी असल्याची सही. मी सगळं केलं, आणि एकाही टेबलापुढे मान खाली घातली नाही. 'मैडम, कल आइए' म्हणाले की मी म्हणायची, "कल भी मैं ही आऊँगी भैया, आज ही देख लो." लोक बघून घ्यायचे.

शेवटी बँकेतून फोन आला. गुरुवारी साहेब घरी येतील, घर बघतील, धंदा बघतील, चार प्रश्न विचारतील, मग कर्जाचं ठरेल. आणि फी भरायची शेवटची तारीख होती त्यानंतरचा सोमवार. नाही भरली तर सीट दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

आता मी काही कुणाला घाबरत नाही. पण त्या दिवशी माझ्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं, हे खरं आहे.

ते पहिल्यांदा कळलं सचिनला. हा बीडचा, परीक्षेचा चौथा प्रयत्न चालू. त्याने घास खाल्ला, पाण्याचा घोट घेतला आणि शेजारच्या इम्रानकडे बघितलं. इम्रान लातूरचा, एकदा थेट मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेला, म्हणून खानावळीत त्याच्या शब्दाला वजन.

"काकू," इम्रान म्हणाला, "तुमची मॉक घेऊ या."

मॉक म्हणजे खऱ्या मुलाखतीआधीची खोटी मुलाखत. या मुलांच्या जगात प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. चारपाच जण कोट घालून समोर बसतात, एकाचा जीव काढतात आणि शेवटी त्याला मार्कांचा कागद देतात. मी म्हटलं, अरे, मला कर्ज हवंय, जिल्हा नकोय. पण ऐकतील तर ती पोरं कसली?

सोमवारी आणि मंगळवारी दुपारी, भांडी घासून झाल्यावर, माझ्या दोन मॉक झाल्या. सचिनने लग्नाकार्याचा कोट घातला होता. इम्रानने गंभीर आवाजात विचारलं, "रेपो रेट वाढला, तर आपल्या खानावळीवर काय परिणाम होईल?"

मी म्हटलं, "पोळ्या तेवढ्याच लागतील."

त्याने मान हलवून कागदावर लिहिलं, 'दृष्टिकोन संतुलित.'

मंगळवारी संध्याकाळी सचिनने मला शेवटचा उपदेश केला. "काकू, गुरुवारी खरे साहेब येतील तेव्हा एकदम नरम राहायचं. वाद नाही घालायचा. वेलचीवाला शिरा द्यायचा. डोळ्यात पाणी आलं तर फारच छान. पण त्याआधी उद्या चार वाजता एक शेवटची मॉक. आमच्या क्लासचे एक रिटायर्ड सर आहेत, तुम्ही त्यांना कधी बघितलेलं नाही. ते बँकेचे साहेब बनून येतील. मुद्दाम चिडवतील. तिथे मात्र बिल्कुल दबायचं नाही, म्हणजे भीती जाईल."

दबायचं नाही हे मला शिकवावं लागत नाही. मी तशीच जन्मले.

बुधवारी पावणेचार वाजता मी एकटीच लसूण सोलत बसले होते. हे दुकानात, मृणाल झेरॉक्सला. दार वाजलं. दारात पन्नाशीचे एक गृहस्थ, हातात फाइल, खिशाला दोन पेनं, कपाळावर घाम.

"नमस्ते जी. बैंक से आया हूँ. एजुकेशन लोन का वेरिफिकेशन करना है. कल का टाइम दिया था, पर आज इधर ही काम था, तो सोचा निपटा लूँ."

मी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मनात म्हटलं, वा. एक दिवस आधी आलो असं म्हणायची कल्पना चांगली आहे. समोरच्याला बेसावध पकडायचं.

"आइए आइए," मी म्हटलं. "पंद्रह मिनट जल्दी आ गए आप. बच्चे अभी पहुँचे नहीं."

"जी? कौन बच्चे?"

"अच्छा, ऐसे करेंगे? ठीक है. शुरू कीजिए."

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. फोटो, शिक्का, सगळं जागच्या जागी. मी ते हातात घेऊन उजेडात धरलं. "कार्ड भी बनवा लिया! बढ़िया है. यहीं मार्केट में बनवाया? कितने लिए?"

ते नुसते त्या कार्डाकडेच बघत राहिले. मला वाटलं, संवाद विसरले.

आमच्या खानावळीत मोकळ्या हाताने कुणी बसत नाही, हा माझा नियम. मी लसणाची परात त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एकदा परातीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गुपचूप सोलायला घेतलं. सोलत मात्र छान होते.

"महीने की आमदनी कितनी है, मैडम?"

"असली बताऊँ, या जो कल साहब को बतानी है वो?"

त्यांचा हात थांबला. "दोनों बता दीजिए."

मी दोन्ही सांगितल्या. पोरांनी मला तीस ताटं सांगा म्हणून शिकवलं होतं. खरी होती बावीस, आणि त्यातली चार अशा मुलांची की ज्यांचे प्रयत्न संपले होते पण घरी सांगायची हिंमत होत नव्हती. त्यांच्याकडे मी पैसे मागत नव्हते. तेही सांगून टाकलं. खोट्या माणसापुढे लपवायचं कशाला?

"कोई प्रॉपर्टी?"

"है ना. वो कुकर. बाईस लीटर."

त्यांनी लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं हो. मग फाइल मिटली आणि हळू आवाजात विचारलं, "मैडम, मान लीजिए बिटिया की पढ़ाई पूरी नहीं हुई. फिर लोन कैसे लौटाएँगे?"

हा तो चिडवायचा प्रश्न, हे मला कळत होतं. तरी आतून काहीतरी पेटलंच. तीन महिने प्रत्येक टेबलावर मला हेच, निरनिराळ्या तोंडांनी विचारलं गेलं होतं. मी लाटणं उचललं. मारायला नाही, बोलायला. हातात लाटणं असलं की मला नीट बोलता येतं.

"साहब, मेरे ये सीट कवर की दुकान में हैं. रोज़ नई गाड़ियाँ आती हैं. पूछिए किसी से, गाड़ी का लोन कितनी देर में हुआ. आधे घंटे में. किसी ने उससे पूछा, चलानी नहीं आई तो? ठोक दी तो? नहीं पूछा. और मेरी लड़की, जो इसी लहसुन की बदबू में बैठके पढ़ी, जिसने दो साल में एक शादी नहीं देखी, उससे पूछते हो कि नहीं हुई तो? होगी. और मान लो नहीं हुई, तो ये चूल्हा है, ये हाथ हैं. आपका एक-एक पैसा रोटी बेलके चुकाऊँगी. लेकिन ये सवाल मेरी बेटी के सामने मत पूछना. मेरे से पूछो, उससे नहीं."

ते खाली मान घालून लसूण सोलत राहिले. मला जरा वाईट वाटलं. बिचारा फुकट आलेला माणूस, त्याला मी एवढं बोलले. म्हणून चहा दिला. बिनवेलचीचा. शेवटच्या चार वेलच्या उद्याच्या शिऱ्यासाठी ठेवल्यात, हेही त्यांना सांगितलं. "वो असली साहब के लिए है, बुरा मत मानना."

"नहीं नहीं," ते म्हणाले.

मग मी त्यांना चार गोष्टी शिकवल्या. म्हटलं, बँकेचा माणूस असा समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, फाइलीत बघतो. आणि शब्दाशब्दाला 'जी' तर मुळीच म्हणत नाही. मुलांचे मार्कांचे कोरे कागद तिथेच पडले होते. एक घेतला आणि लिहिलं, 'अभिनय : दहापैकी चार. शेरा : माणूस भला वाटतो, बँकेचा वाटत नाही.' मराठीत लिहिलं होतं, म्हणून हिंदीत वाचूनही दाखवलं. खाली सही केली आणि जेवणाच्या कार्डावर मारतो तो खानावळीचा शिक्का मारला. काम चोख असावं.

"ये मैं रख लूँ?" त्यांनी विचारलं.

"रख लो. सुधार करो."

त्यांनी कागद फाइलीत लावला, हात धुतले आणि गेले.

बरोबर सव्वाचारला पुन्हा दार वाजलं. दारात दुसरे गृहस्थ. उंच, करडा चेहरा, कडक इस्त्री. नमस्कार नाही की चमत्कार नाही. "बैंक से हूँ," म्हणाले आणि सरळ आत येऊन खुर्चीवर बसले. डोळे फाइलीत.

हे खरे, आणि एक दिवस आधी आले! मी डोक्यावरून पदर घेतला. उभ्या उभ्या शिरा केला, चारही वेलच्या घातल्या, तूप हात आखडता न घेता सोडलं. ते जे विचारतील त्याला 'जी साहब'. ते म्हणाले, ही जागा फार लहान आहे. मी म्हटलं, जी साहब. ते म्हणाले, तुम्हाला कर्ज झेपणार नाही. मी म्हटलं, जी साहब, आपकी मेहरबानी. आणि रडले. मनापासून रडले हो, ठरवून नाही. तोपर्यंत त्यांनी दोन वाट्या शिरा संपवला होता.

तेवढ्यात सचिन आणि इम्रान धापा टाकत आत आले. "सॉरी काकू, उशीर झाला. कसे वाटले आमचे सर?"

पुढचं काय सांगू? लसूण परातीत पांढराशुभ्र पडलेला, सोललेला. सचिनने विचारलं, "काकू, हा कुणी सोलला?" मी म्हटलं, "खऱ्या साहेबांनी."

मृणाल आली. तिला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती झेरॉक्सचा गठ्ठा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "जाऊ दे आई. पुढच्या वर्षी परत बघू." पुढच्या वर्षी परत बघू, हे वाक्य मी या खानावळीत किती पोरांच्या तोंडून ऐकलंय. माझ्या पोरीच्या तोंडून ते ऐकलं आणि मला माझीच शरम वाटली. त्या रात्री मी जेवले नाही.

गुरुवारी नवीन वेलची आणून दिवसभर वाट बघितली. कुणी आलं नाही. शुक्रवारी सकाळी फोन आला, ब्रांचमध्ये या.

आम्ही तिघं गेलो. काचेच्या केबिनमध्ये तेच गृहस्थ. मी दारातच हात जोडले. ते वर बघेनात. डोळे फाइलीत. "बैठिए," म्हणाले. 'जी' नाही.

मग फाइलीतूनच बोलले, "अब ठीक है मैडम? फाइल में देख रहा हूँ."

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

कर्ज मंजूर झालं होतं. पैसे सोमवारच्या आत कॉलेजला पोचणार होते. मृणालने सही केली, ह्यांनी केली, मी केली. मी धीर करून म्हटलं, साहेब, तो कागद तेवढा काढून टाका.

"नहीं निकाल सकता," ते म्हणाले. "पन्ने पर नंबर पड़ गया है. इकतालीस. अब कर्ज़ा चुकने तक फाइल में रहेगा." आणि त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. उत्पन्नाचा दाखला आणि प्रवेशपत्र यांच्या मधोमध माझा शिक्का. त्याखाली त्यांनी निळ्या शाईत स्वतःचा शेरा लिहिला होता : 'आवेदक की माताजी से भेंट की. अभिनय : दस में शून्य. ऋण की सिफ़ारिश की जाती है.'

बाहेर आल्यावर हे इतके हसले की फुटपाथवर बसले. मी म्हटलं, हसा, पण पोरीला सीट कुणी मिळवून दिली? मान खाली न घालता मिळवून दिली. तेवढ्यात इम्रानने मोबाइलवर त्या रिटायर्ड सरांचा मार्कांचा कागद पाठवला. त्यात माझ्याविषयी लिहिलं होतं, 'आत्मविश्वास : दहापैकी दोन. उमेदवार फारच दबते. शिरा उत्तम.'

मृणाल आता दुसऱ्या वर्षाला आहे. साहेब अधूनमधून जेवायला येतात, पैसे देऊन जेवतात, आणि बसल्या बसल्या लसणाची परात स्वतःच ओढून घेतात.

घ्या, झाला चहा. वेलची घातलीय. हल्ली दारात कुणीही येवो, वेलची घालूनच करते. कोण खरा आणि कोण खोटा हे मला ओळखता येत नाही, आणि ते सरकारी फाइलीत नोंदवलेलं आहे, पान एक्केचाळीस, माझ्याच सही-शिक्क्यानिशी.