मदतीला आलेला गळ

फ्लेक्स उलगडला तेव्हा खालचं टोक माझ्या हातात होतं. वरचं आर्यनच्या. सहा फुटी फ्लेक्स होता, म्हणून लॅबमधली बाकं आम्ही भिंतीला सरकवली होती. आधी शाळेचं नाव आलं. मग संस्थापकांचा फोटो. मग आमच्या रोबोटचं नाव, आणि त्याखाली दोन चौकटी. उजवीकडची हिरवी, वर लिहिलेलं 'उपाय'. तिच्यात रोबोट, आणि रोबोटमागं छाती काढून उभा असलेला आर्यन. डावीकडची लाल. वर लिहिलेलं 'समस्या'. तिच्यात माझे पप्पा.

छातीपर्यंत गटाराच्या चेंबरमध्ये. अंगात बनियन. डोळ्यांवर काळी पट्टी, पेपरात चोरांच्या फोटोवर मारतात तशी. पट्टीच्या खाली पप्पा हसत होते.

कुणाकडं बघून हसत होते ते मला माहीत होतं. फोटो मीच काढला होता.

मी म्हणाले, "मॅडम, हे माझे पप्पा हायेत."

मॅडम फ्लेक्सला लावायच्या दोऱ्या कापत होत्या. "अगं, डोळे झाकलेत ना बाळ. ओळखू येत नाही कुणाला."

मला येत होतं. मॅडम म्हणाल्या, नीट गुंडाळ, घडी पडू देऊ नकोस. मी गुंडाळला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक मला शूर वगैरे ठरवतात. त्या दिवशी माझ्या बापाला मीच गुंडाळलं, वर रबर लावलं आणि कपाटावर ठेवलं.

पप्पा सफाईचं काम करतात. लोक म्हणतात नगरपंचायतीत. नगरपंचायतीत नाही, ठेकेदाराकडं. ठेकेदार म्हणजे आर्यनचे वडील. एवढं कळलं की त्या दोन चौकटी सरळ वाचता येतात. मला वाचायला अख्खं वर्ष लागलं.

जूनमध्ये मी नववीत गेले. शाळेत रोबोटिक्सची लॅब नवीनच आली होती. काचेचं दार, बाहेर चपला काढायच्या. विज्ञानाच्या मॅडमनी एकदा मला तासाला पकडलं. मी बाकाखाली दातानं वायर सोलून मैत्रिणीचा इयरफोन जोडत होते. वाटलं, आता वर्गाबाहेर. मॅडमनी इयरफोन कानाला लावून बघितला आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा." दुसऱ्या दिवशी मी संघात. पाच जण. आर्यन कॅप्टन. तो कसा झाला ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

शाळेत मला आडनावानं हाक मारायचे. ते आडनाव कसं उच्चारायचं याचीही एक पद्धत होती, ओठ जरा वाकडे करून. मॅडम एकट्या 'बाळ' म्हणायच्या. बाळ ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा. मी मॅडमसाठी काहीही केलं असतं. केलंच.

जुलैभर सोल्डरिंग शिकले. बोटं भाजली, बोटांना टूथपेस्ट लावून झोपले. पंधरा ऑगस्टला आमच्या रोबोटनं प्रमुख पाहुण्यांना गुलाब द्यायचा होता. प्रमुख पाहुणे ठेकेदारसाहेबच. ऐनवेळी बॅटरीची वायर सुटली. मी टेबलाखाली शिरले आणि सुटलेली दोन टोकं चिमटीत धरून पालथी पडून राहिले. वर टाळ्या वाजल्या. पेपरात फोटो आला, साहेब आले, गुलाब आला, आर्यन आला. मी नव्हते. मला राग आला नाही. टेबलाखालच्या माणसाचा फोटो कसा येणार, असं मीच मला समजावलं.

सप्टेंबरात स्पर्धेचा विषय आला. समाजाच्या उपयोगी पडेल असं यंत्र. मॅडमनी मला एकटीला थांबवून विचारलं, "तुझे वडील नक्की काय करतात?" शाळेच्या फॉर्मवर मी कायम 'नोकरी' एवढंच लिहायचे. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला खरं सांगितलं. चेंबर तुंबलं की पप्पा आत उतरतात. घरी आल्यावर नळाखाली तासभर बसतात, आणि तरी जेवताना भाकरी डाव्या हातानं मोडतात, उजव्याला वास येतो म्हणून. हेसुद्धा सांगितलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

गणपतीच्या सुट्टीत त्या आमच्या घरी आल्या. आमची वस्ती गावाच्या उताराला आहे, सगळ्या गावाचं पाणी तिकडंच येतं. वरच्या गावातलं कुणी आमच्यात चहा घेत नाही. मॅडमनी कप उचलला आणि निम्मा प्यायल्या. आई आठवडाभर येईल त्याला सांगत होती. "मास्तरीणबाईंनी चहा घेतला आमच्यात." निम्मा राहिला ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, चेंबरची मापं हवीत, फोटो काढून आण. मी आईचा मोबाईल घेऊन सकाळी पप्पांच्या मागं गेले. पप्पा आत उतरलेले. मी वरून म्हणाले, "पप्पा, इकडं बघा की." त्यांनी वर बघितलं. पोरगी शाळेच्या कामासाठी आपल्याकडं आली, याचंच त्यांना लई अप्रूप. ते हसले. मी बटण दाबलं.

दिवाळीच्या सुट्टीत यंत्र उभं राहिलं. दोरानं चेंबरमध्ये सोडायचं, टेम्पोच्या वायपरची भंगारातली मोटर, पुढं कचरा उचलायला चिमटा. लॅबमध्ये ड्रमभर चिखलात ते झकास चालायचं. मी हट्टानं ते घरी आणलं आणि पप्पांना दाखवलं. पप्पा उकिडवे बसले, चिमटा उघडून मिटून बघितला.

म्हणाले, "गटारात काय निसता चिखूल असतो व्हय? चिंध्या असत्यात, केस असत्यात, पिशव्या. ह्यो चिमटा त्यात गुतून मरंल. गळ लाव याला."

गळ म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायला सोडतात तो, वाकड्या बोटांचा. पप्पांनी सेंट्रिंगच्या गजाचे तीन तुकडे आणले, ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडं बसून वाकवले, टोकं आत वळवली. मधल्या बोटाला जरा जास्त बाक दिला. "केसांचा गुता ह्यात बसतो," म्हणाले. हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते पप्पांच्या बोटांना माहीत होतं. चार नटांनी मी तो गळ रोबोटला बसवला. मग आमच्या दारापुढच्या गटारात सोडला. पहिल्याच खेपेला साडीचा एक अख्खा काठ वर आला. पप्पा लहान पोरासारखे खूश झाले.

डिसेंबरात तालुक्याला आमचा पहिला नंबर आला. तो गळामुळं आला, हे संघातल्या सगळ्यांना माहीत होतं. संघाचे टी-शर्ट आले, पाठीवर नावं छापलेले. माझा आला नाही. मॅडम म्हणाल्या, छापायचा राहिलाय, येईल. मी विश्वास ठेवला. मग जानेवारीत तो फ्लेक्स आला.

जिल्ह्याची फेरी नगरला होती. नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. मोठा हॉल, रांगेनं टेबलं. फ्लेक्स टांगताना एक टोक पुन्हा माझ्याच हातात होतं. मी साध्या शाळेच्या ड्रेसवर. माझ्या जागेवर संघाच्या टी-शर्टात एक मुलगी उभी होती, शाळेच्या संस्थेच्या सेक्रेटरींची पुतणी. ती लॅबमध्ये दोनदा आली होती, दोन्ही वेळा रील काढायला. मला वाटलं, बघायला आली असेल. इतकी मी बावळट.

परीक्षक आले. वयस्कर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. लाल चौकटीपाशी थांबले. विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

आर्यन म्हणाला, "सफाई कामगार, सर. ही माणसं अडाणी असतात, त्यांना धोका कळत नाही. म्हणून आम्ही हे मशीन बनवलं."

धोका कळत नाही. पप्पांनी आर्यनच्या वडिलांकडं तीनदा हातमोजे मागितले होते. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, बघू.

परीक्षक वाकले. "आणि हा गळ? हे कुणाला सुचलं?" त्यांनी गळच म्हटलं. खेड्यातलेच असणार.

"थ्री फिंगर ग्रिपर, सर. माझं डिझाईन आहे."

मी म्हणाले, "सर, गळ माझ्या पप्पांनी केला. फोटोत हायेत ते."

परीक्षकांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी यादीवर बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. मॅडमकडं बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "ती संघात नाही, सर. मदतीला आली आहे."

माझ्याकडं न बघता म्हणाल्या. आवाज अगदी साधा. आर्यनचं मला काही वाटलं नाही, तो त्याच्या बापाचा मुलगा. पण यादी मॅडमच्या अक्षरात होती. ज्या बाईला मी डाव्या हातानं मोडलेल्या भाकरीचं सांगितलं, तिनंच माझं नाव गाळलं होतं.

पाना माझ्या खिशात होता. कायम असायचा. मी टेबलापाशी गेले आणि पहिला नट सोडवला. दुसरा. आर्यन म्हणाला, "ए, काय करतेस?" तिसरा. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, सगळे बघतायत." चौथा.

मी म्हणाले, "मी मदतीला आल्ते मॅडम. गळपण मदतीलाच आल्ता. आमी दोघं जातो."

एसटीत गळ मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, विहिरीत बादली पडली का पोरी. मी म्हणाले, व्हय. आणि मग रडले, फाट्यापर्यंत.

तिसऱ्या दिवशी पप्पांना शाळेत बोलावलं. मुख्याध्यापकांच्या ऑफिसात तो फ्लेक्स भिंतीला लावलेला. समोर ठेकेदारसाहेब खुर्चीत, मॅडम खिडकीपाशी, पप्पा दारात, चपला बाहेर. टेबलावर कोरा कागद. मी माफीनामा लिहायचा होता. संघाची बदनामी केली म्हणून. नाही लिहिला तर पप्पांच्या कामाचं काय, ते कुणी बोललं नाही. ठेकेदारसाहेब तिथं बसले होते तेवढं पुरेसं होतं.

पप्पा कुणाकडं बघत नव्हते. ते फ्लेक्सकडं बघत होते. पहिल्यांदाच बघत होते. हळूच म्हणाले, "हसतोय की मी."

मग त्यांनी हात जोडले. "पोरगी हाय साहेब. चुकली. परत न्हाई व्हायचं."

मला पप्पांचा राग आला. आजही थोडा आहे. आणि ज्यांनी त्यांना हात जोडायला लावले, त्यांचा त्याहून शंभरपट आहे.

टेबलावर व्हाइटनरचं पेन होतं. मी कागदाला हात लावला नाही. पेन घेतलं, भिंतीपाशी गेले आणि पप्पांच्या डोळ्यांवरच्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, सुखदेव. खाली लिहिलं, गळ यांनी केला. मुख्याध्यापक उठून उभे राहिले. मी पेनचं टोपण लावून पेन जागेवर ठेवलं.

पुढं गोड काही झालं नाही. मला शाळेनं वर्षभर लॅबमध्ये पाय ठेवू दिला नाही. पप्पांना बाजारतळाच्या मागची गटाराची लाईन दिली, गावातली सगळ्यात घाण. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "गप बसायचं हुतं." पंधरा दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एके दिवशी खिळ्याला टांगलेला गळ त्यांनी काढला, लांब बांबूला घट्ट बांधला आणि कामावर घेऊन गेले. आता निम्मी चेंबरं ते वरूनच मोकळी करतात. निम्म्यांत अजून उतरावंच लागतं. शाळेचा रोबोट दुसरा चिमटा लावून ऑफिसच्या काचेच्या कपाटात आहे. आमच्या दारापुढचं गटार सोडलं तर त्याला अजून गावातल्या कुठल्याच गटाराचं पाणी लागलेलं नाही.

मॅडम बाजारात भेटतात. "कशी आहेस बाळ?" विचारतात. मी त्यांना माझं नाव सांगते. आडनावासकट.

मी आता पॉलिटेक्निकला आहे. मशीन पुन्हा करायला घेतलंय, सुट्टीत, आमच्या दारात, पप्पांना शेजारी बसवून. मशीन आधी बाजारतळाच्या मागच्या चेंबरमध्ये उतरणार, मग कुठल्याही हॉलमध्ये जाणार. त्याचा फ्लेक्स मी स्वतः लिहिणार. उपायाच्या चौकटीत पप्पा असतील, तोच फोटो, डोळे उघडे, खाली पूर्ण नाव. समस्येची चौकटही रिकामी ठेवणार नाही. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाचा पेपर मी जपून ठेवलाय. त्यात ठेकेदारसाहेब आहेत, हातात आमच्या रोबोटनं दिलेला गुलाब. तो फोटो लावणार. डोळ्यांवर पट्टी मारणार नाही.