आबांचा सांजचा ताप

“काम काय करतात हे?” जालन्यातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“मेंढरं राखतात,” मी म्हणाले. मॅडमचा लिहिता हात थांबला. आधीच्या दवाखान्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

रक्ताचा रिपोर्ट आला: ब्रुसेलोसिस. म्हणजे शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला येणारा जंतूंचा ताप. तो कच्च्या दुधातून येतो, व्यायला आलेल्या जनावराला उघड्या हातानं सोडवताना येतो. सांज झाली की हुडहुडी, मग अंथरूण भिजवणारा घाम, आणि धरलेली कंबर. आबांना आधी टायफॉइड म्हणून सलाईन लावलं, मग टीबीचा संशय घेतला. खांद्यावर घोंगडी घेतलेला माणूस समोर बसलाय, तरी त्याचं काम विचारावंसं कुणाला वाटलं नाही. या देशात गरिबाचा ताप मोजतात, त्याचं जगणं विचारत नाहीत.

आबा म्हणजे माझे आजोबा, टेंभुर्णीकडचे. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची; लेंडीखत रानाला, ज्वारी आम्हाला. “वर पत्रा दिसला की जीव घुसमटतो,” म्हणून घरीही अंगणातच झोपायचे. पिल्लू निपचित जन्मलं, तर त्याच्या नाकाला तोंड लावून फुंकायचे.

ते ऐकून मॅडम म्हणाल्या, “बाबा, जंतू तिथूनच आले.”

“मंग काय मरू द्यायचं व्हतं का पिल्लू?”

मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. “सहा आठवडे गोळ्या. ताप उतरला तरी एकही चुकवायची नाही. नाहीतर जंतू हृदयात जातात.”

ताप लवकरच उतरला. आबा भाकरी मागू लागले आणि नामाकाकांसोबत, म्हणजे माझ्या चुलत्यांसोबत, पुन्हा कळपामागे गेले.

काही आठवड्यांनी काकांनी त्यांना धरून घरी आणलं. ताप परतला होता, पाय सुजले होते, चार पावलांत धाप लागत होती.

“गोळ्या घेतल्या?” मॅडमनी विचारलं.

“अर्ध्या गोळ्या मेंढीला चारल्या त्यांनी, गुळात घालून,” काका म्हणाले. “ती गाभडली व्हती.” म्हणजे तिच्या पोटातलं पिल्लू गेलं होतं.

“तिला बी ह्योच रोग, मंग दवा बी एकच,” आबा म्हणाले. “मी बोलून सांगतो. ती कुणाला सांगंल?”

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवलं. आम्ही बंद दाराकडे बघत बसलो. दार उघडलं आणि आणखी एक शब्द कळला: एंडोकार्डायटिस. जंतूंनी हृदयाच्या झडपेवर घर केलं होतं. ऑपरेशनसाठी संभाजीनगर गाठायचं होतं.

अँब्युलन्समध्ये आबा म्हणाले, “काच खाली कर गं. वारं लागू दे.” मी केली. बदनापूरपर्यंत ते बाहेरची रानं बघत होते. ऑपरेशनची वेळ यायच्या आत ते गेले.

सुतकात माणसं भेटायला येत होती. “वय झाल्तं.” “देवाची मर्जी.”

मी उठले. “वयानं न्हाई गेले. रोगानं गेले, अन् त्या रोगाला नाव हाय.”

“बघा, दुखवट्यात भाषण करून राह्यली पोरगी!” चुलतआजी म्हणाली.

“करू दे,” कुणीतरी म्हणालं. मग मी सगळं सांगितलं, आज तुम्हालाही तेच सांगते. डॉक्टर विचारोत न विचारोत, आपलं काम सांगा. दूध उकळा. अडलेली मेंढी सोडवताना हातमोजे घाला. जनावराला जनावरांचा डॉक्टर बोलवा, आपल्या गोळ्या देऊ नका.

भिंतीला टेकून बसलेले नामाकाका पुटपुटले, “मला बी येतो.”

“काय येतो?”

“ताप. सांजचा. आबांच्या गडबडीत बोललो न्हाई.”

कुणी म्हणालं, सुतक फिटू द्या, मग जा. काकूनं खुंटीवरचा त्यांचा सदरा ओढून त्यांच्या अंगावर टाकला.

“सुतक गेलं चुलीत! जल्दी उठा. आधी दवाखाना.”